वासरं तोडली तेव्हा

नेब्रास्कात मक्याच्या कोठ्यांना सेन्सर बसवायला मी एका शेतावर गेलो होतो. मक्याची काढणी संपत आली होती आणि म्हाताऱ्या मालकाने आदल्याच दिवशी वासरं आयांपासून तोडली होती. गाई कुंपणाला छाती लावून हंबरत होत्या. तो तिथेच, टोपी मागे सारून, सैल तारा ताणत होता.

"दोन-चार दिवसांत विसरतील ना?" मी विचारलं.

"विसरत नाहीत. घसा बसतो त्यांचा."

जेवताना भिंतीवरच्या फोटोतला मुलगा कुठे असतो, म्हणून विचारलं.

"सिएटलला," तो पाव मोडत म्हणाला. "आधी रोज फोन करायचो मी."

नागपूरहून आईचा फोनही आधी रोज यायचा. तिला सवय झाली, असं मी समजत होतो.