शाळेची माळ

देवाला आणि थोरल्या दिराला एकसारखंच भिणारी, आणि भीत भीत दोघांकडूनही शेवटी आपल्याला हवं तेच करून घेणारी बाई उभ्या वसईत एकच असेल. माझं नशीब असं, की परमुलखात पाऊल टाकल्याबरोबर मला तिच्याच घराची मागची खोली भाड्यानं मिळाली. मी परभणीकडची. सातवीतून माझी शाळा सुटली, कारण आठवी नदीपलीकडं होती आणि बापाचा नदीवर भरवसा नव्हता. लग्न होऊन इकडं आले, नवरा गोखिवऱ्याच्या कारखान्यात लेथवर, सकाळी डबा घेऊन गेला की अंधार पडल्यावर परत. दिवसभर मी दाराला आतून कडी लावून बसायची. मला रिक्षावाल्याची भीती, माशाच्या काट्याची भीती, मागच्या बावखलातल्या, म्हणजे तळ्यातल्या, हिरव्या पाण्याचीसुद्धा भीती. पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीनं कडी वाजवली. "बाय, आत काय करते दिवसभर?" मी म्हटलं, काही नाही ताई, बसलेय. "बसायचंच आहे तर शाळेत बस," ती म्हणाली आणि मला हाताला धरून पुढच्या घरात घेऊन गेली. इथं सगळे तिला आंटी म्हणत, माझी जीभ त्याला कधी वळली नाही.

शाळा म्हणजे तिच्या स्वयंपाकघराला लागून असलेली पडवी. तिची दोन लेकरं बाहेरच्या शाळेत जात नव्हती. तीच त्यांना घरी शिकवायची. पण घरात शाळा आहे म्हणून शिस्त ढिली, असं तिच्याकडं चालत नसे. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आली की ती पोरांना न्याहारी द्यायची, बूट घालायला लावायची, दप्तरं पाठीवर द्यायची आणि मागच्या दारानं बाहेर काढायची. पोरं घराला वळसा घालून, केळीच्या बुंध्यांमधून, पुढच्या दारानं आत यायची. तोवर हिनं अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावलेला असे. एप्रन असला की ती मम्मी, एप्रन निघाला की टीचर. एकदा धाकट्याला तासाच्या मध्येच तहान लागली, तर तो म्हणाला, "टीचर, मम्मीला सांगा ना, पाणी दे म्हणून." ही उठली, आत गेली, एप्रन बांधला, पाणी दिलं, "शाळेत असताना सारखं घरी यायचं नाही," म्हणून मम्मीच्या आवाजात दटावलं, एप्रन सोडला आणि परत येऊन भूगोल पुढं चालू केला. थोरलीनं एकदा पुस्तकावर मासळीचं कालवण सांडलं, तेव्हा टीचरनं फर्मावलं, "उद्या आईला घेऊन ये!" मला वाटलं, गंमत आहे. पण दुसऱ्या दिवशी ही खरंच चांगला ड्रेस घालून, पर्स घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली, रिकाम्या खुर्चीचं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं आणि वर, "पुन्हा असं होणार नाही टीचर," असं तोंड भरून कबूल केलं. मी खिडकीशी लसूण सोलत होते. हसावं की उठून उभं राहावं, मला कळेना.

हे खूळ तिनं हौसेनं घेतलेलं नव्हतं. धाकटा शाळेत जायला लागला आणि त्याचं बोलणंच आटलं. घरात लाह्या फुटाव्यात तसा बोलायचा, पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. कुणी मारलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. माणसं वाढली की त्याचा आवाज गोगलगायीसारखा आत जायचा, एवढंच. शिक्षकांनी, डॉक्टरांनी, फादरांनी आपापल्या परीनं सांगून पाहिलं. मग एका सकाळी हिनं त्याचं दप्तर घरी आणून ठेवलं, आणि वर्गात एकटंच पोर कसं बसणार म्हणून थोरलीलाही घरी बसवलं. लग्नाआधी ही बारावीपर्यंत शिकलेली. तिची हुशारी पुस्तकी नव्हती. गणित तिला स्वतःलाच जड जायचं, आणि ते ती लपवत नसे. आदल्या संध्याकाळी धडा वाचून ठेवायची आणि सकाळी अडली की हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अँथनींची तसबीर सरळ भिंतीकडं तोंड करून ठेवायची, उत्तर सापडलं की पुन्हा सरळ. कठीण भागाकार असला की बिचारे संत दिवसभर भिंत बघत.

पण तिचा खरा शोध होता पाढ्यांची माळ. रोजरीत, म्हणजे त्यांच्या जपमाळेत, एका दशकाला दहा मणी, पाढ्यातही दहाच ओळी. एका मण्याला एक ओळ, एक दशक म्हणजे एक पाढा, पूर्ण माळ फिरली की पाच पाढे. क्रूस तुटलेली एक जुनी माळ तिनं त्यासाठी वेगळी काढली आणि मसाल्याच्या बाटल्यांच्या वरच्या खिळ्याला टांगली. ती 'शाळेची माळ', देव्हाऱ्यापाशीची 'देवाची माळ'. दोन्ही लाकडाच्या, दोन्ही तपकिरी, पण त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ती फार जपायची. हे पाप तर नाही ना, असं तिनं कबुलीजबाबात फादरांनाही विचारलं होतं. फादर बराच वेळ खोकले म्हणे, आणि मग म्हणाले, "आधी प्रार्थना, मग पाढे." मण्यांवर बोट ठेवलं की धाकट्याची जीभ झऱ्यासारखी सुटायची. त्याच्या मागून मीही म्हणायची. सातचा पाढा मला गावच्या शाळेत कधी नीट आला नव्हता, तो मला त्या पडवीत आला.

मे महिन्यात अंगणात मिरच्या वाळत होत्या, चुलीवर धणे भाजत होते, आणि अशा वेळी वांद्र्याहून तिचे थोरले दीर आले. घरधनी जहाजावर, त्यामुळं घरातला शेवटचा शब्द या दिरांचा. त्यांनी येतानाच सांगितलं, की घाटावरच्या एका बोर्डिंगमध्ये धाकट्यासाठी जागा ठेवली आहे, जूनला जायचं. माणूस वाईट नव्हता. पोरांसाठी चॉकलेटं आणली होती, भाजलेल्या मिरचीनं शिंका देत देत भावजयीच्या मसाल्याचं कौतुक करत होते. पण त्यांनी धाकट्याला पुढ्यात बसवून प्रश्न विचारले, आणि पोरानं एकाचंही तोंडानं उत्तर दिलं नाही. पाटीवर लिहून दिलं, सगळं बरोबर. दिरांनी पाटी बाजूला सारली.

"लिहितो, ते दिसतंय मला. पण माणसाला तोंड नको का? उद्या बसचं तिकीट कसं काढेल हा? लिहून?"

"बोलेल भावजी. त्याला वेळ द्या," ही म्हणाली.

"दोन वर्षं तेच ऐकतोय. तुझा नवरा म्हणतो, दादा म्हणेल तसं. आता मी काय म्हणू, तूच सांग."

तिच्या अंगावर तेव्हा एप्रन होता आणि ती तो सारखा सोडत होती, बांधत होती.

शेवटी दिरांनीच तोड काढली. त्या महिन्यात मरिया माऊलीची मूर्ती रोज संध्याकाळी एकेका घरी यायची आणि वाडीतली माणसं तिथं जमून रोजरी म्हणायची. एकेक दशक त्या घरच्यांनी सांगायचं, म्हणजे दर मण्याला 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग मोठ्यानं म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला अर्धा. शनिवारी मूर्ती आमच्या घरी यायची होती. "त्यानं एक दशक सांगावं, सगळ्यांसमोर. सांगितलं तर राहू दे इथंच, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही तर तू काढायचा नाहीस." ही "बरं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन माझा हात इतका घट्ट धरला, की मिरचीनं पोळलेली तिची बोटं माझ्या मनगटाला झोंबली.

शनिवारपर्यंत थोरली गळा फाडून भावाला प्रार्थना म्हणून दाखवायची, तो आईसमोर घडाघडा म्हणायचा, आणि काका खोलीत आले की गप्प. मला तर रात्री स्वप्नात नदी दिसायला लागली, आमच्या गावची, आणि पलीकडच्या काठावर दप्तर घेतलेलं लेकरू. आमचं कुलदैवत परभणीकडं राहिलेलं, म्हणून मी माऊलीलाच सांगितलं, की बाई, तुझी भाषा मला येत नाही, पण याचं तोंड तेवढं उघड.

शनिवारी मूर्ती आली. फुलं, मेणबत्त्या, पडवीभर माणसं, पुढं चटईवर वाडीतल्या म्हाताऱ्या, दाराशी मी. पहिलं दशक दिरांनी सांगितलं, दुसरं हिनं, तिसरं थोरलीनं. चौथ्याला हिनं देव्हाऱ्याकडं न बघताच माळ उचलून धाकट्याच्या हातात दिली. माळ त्याच्या हातात लोंबली तेव्हा मला दिसलं, की तिला क्रूस नाही. दुपारी मसाला बाटल्यांत भरताना घाबरलेल्या हातानं तिनं कधीतरी ती खिळ्यावरून काढून देव्हाऱ्यापाशी ठेवली असणार. मी हात वर केला, पण पडवीत इतकी शांतता होती, की माझाही आवाज आत गेला.

पोरगं उभं राहिलं. मोठा मणी धरला आणि गप्प. एक म्हातारी म्हणाली, "कोन सांगतंय रे? पोरगा का?" दुसरी म्हणाली, "गप गो, सांगू दे त्याला." दिरांनी खाली बघितलं. हिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग पोराचं बोट पहिल्या लहान मण्यावर आलं, तो गुळगुळीत झालेला मणी त्यानं ओळखला असावा, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात तो म्हणाला, "सात एके सात."

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. थोरलीनं तोंडावर ओढणी दाबली. दिरांची मान झटक्यात वर आली. मला वाटलं संपलं, आता ही त्याला थांबवणार, आणि थांबवलं की हा आवाज पुन्हा कधी बाहेर येणार नाही. तिलाही ते कळलं असणार. देवाला इतकं भिणारी ती बाई, माळा वेगळ्या ठेवणारी, फादरांना विचारून आलेली. तिनं मूर्तीकडं एकदा बघितलं, डोळे मिटले आणि पडवी घुमेल अशा आवाजात उत्तर दिलं, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते!" आणि उरलेली अर्धी प्रार्थना एकटीनं शेवटपर्यंत म्हटली.

"सात दुणे चौदा," पोरगा म्हणाला.

या वेळी पुढच्या चटईवरच्या एका म्हातारीनं तिला साथ दिली. तिला ऐकू कमी यायचं म्हणून दिली, की सगळं समजून दिली, ते मला आजवर कळलेलं नाही. सात त्रिक एकवीसला सगळ्या म्हाताऱ्या होत्या. सात पंचे पस्तीसला हसणारे गप्प होऊन म्हणू लागले. मला प्रार्थना येत नव्हती, मी नुसती "आमेन" म्हणत होते, पण रडत रडत म्हणत होते. आणि सात सत्ते एकोणपन्नासला एक जाड, घोगरा आवाज त्यात मिसळला, तो दिरांचा होता.

प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे वाटले. माणसं पांगली. दीर खुर्चीवर बसून चणे हातात तसेच धरून होते.

"दशक झालं का?" त्यांनी विचारलं.

"मणी दहा झाले, भावजी," ही खालच्या आवाजात म्हणाली. चुकलेल्या पोरीसारखी उभी होती.

"मणी झाले. नमो मरिया एकही नाही झाली."

तेवढ्यात कोपऱ्यातून धाकटा म्हणाला, "काका, परत सांगू?"

हे त्यानं काकांशी बोललेलं पहिलं वाक्य. दिरांनी त्याच्याकडं बघितलं, मग चण्यांकडं बघितलं, मग उगाच चष्मा पुसला. "आता नको," ते म्हणाले. "उद्या मूर्ती शेजारी जाणार ना, तिथं सांग. आणि माळ नीट बघून घे, तुझ्या आईचा काही नेम नाही." सकाळी निघताना बाटलीभर मसाला पिशवीत घालत ते एवढंच बोलले, की बोर्डिंगच्या फादरांना फोन करतो, ती जागा कुणा गरजूला मिळेल. ही त्यांच्या पाया पडायला वाकली, तर म्हणाले, "माझ्या काय पडतेस? कबुलीजबाबाला जा आधी." आणि ती खरंच त्याच दुपारी गेली. फादर या वेळी खोकले नाहीत म्हणे. म्हणाले, पुढचा पाढा कुठला?

आता धाकटा बाहेरच्या शाळेत जातो. पुढच्या वर्षी त्यानं स्वतःच हट्ट धरला, आणि थोरलीही त्याच्यामागं गेली. तो वर्गात इतकं बोलतो, की परवा त्याच्या टीचरनं, "उद्या आईला घेऊन ये," म्हणून निरोप पाठवला. ही चांगला ड्रेस घालून, पर्स घेऊन गेली. येताना माझ्याकडं डोकावली. आम्ही आता गोखिवऱ्याला राहतो, नवऱ्याच्या कारखान्याजवळ. मी चहा टाकला. "खूप बोलली ती टीचर," ती म्हणाली. "मी मान खाली घालून ऐकलं. किती छान वाटलं, बाय." घरी गेल्यावर पडवी रिकामी असते, हे ती बोलली नाही. जाताना पर्समधून तिनं ती क्रूस नसलेली माळ काढून माझ्या हातात ठेवली. "आमच्याकडं आता कोन म्हणतंय पाढे," एवढंच म्हणाली.

माझी भीती अजून गेलेली नाही. दवाखान्याच्या रांगेत, रिक्षात अनोळखी वळण लागलं की, गावाकडून अवेळी फोन आला की, माझा हात पिशवीतल्या त्या मण्यांवर जातो आणि मी मनातल्या मनात सुरू करते, सात एके सात. आणि दर ओळीनंतर जरा थांबते. चटईवरच्या त्या म्हाताऱ्यांना त्यांचं अर्धं म्हणायला वेळ हवा ना.