आबांचे पाय
कमरेला बाम चोळताना त्याचा झोंबरा वास नाकात गेला, की मला लासुर्ण्याची ती ओसरी आठवते. लग्नानंतर पहिल्यांदाच मी नवऱ्याच्या आजोबांना भेटत होते. माझी कंबर वर्षानुवर्षं दुखत होती, पण वरून काहीच दिसायचं नाही. मी उभ्यानंच हात जोडले. खाटेवरून पाय खाली सोडून बसलेले आबा म्हणाले, "वालचंदनगरच्या पोरीस्नी वाकाय जड जातंय व्हय?" मी वाकले, बोटं त्यांच्या पायांना लागली आणि कमरेतून अशी कळ गेली की वर येताच येईना. आबांनी आशीर्वाद दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ की आता." माझ्या घामाचा थेंब आबांच्या पायावर पडला. "रडती काय ही?" त्यांनी विचारलं. "नाही आबा, उठता येत नाहीये." त्यांनी खाली वाकून माझं कोपर धरलं आणि मी सरळ होईपर्यंत सोडलं नाही. काय दुखतंय, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही, नंतरही कधी नाही. कंबर अजून तशीच आहे. पण मी दारात दिसले, की आबा आधी दोन्ही पाय खाटेवर ओढून घेतात आणि मांडी घालून बसतात.