मोहफुलांचा मुद्देमाल

मुरबाडच्या आबकारी कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा काम कमी आणि किस्से फार! कायदाच तसा होता. दारूचं सोडा हो, घरात मोहाची सुकी फुलं ठेवायलासुद्धा सरकारी परवाना लागे. आता ज्याच्या दारातच मोहाचं झाड, त्यानं काय करायचं?

*

नवे इन्स्पेक्टर देशावरचे. मोह त्यांनी कागदावरच पाहिलेला. पहिल्याच आठवड्यात आसनगाव स्टेशनवर एका वाण्याचं पोतं त्यांनी धरलं. "मोह!"

आमच्या जमादारानं मूठभर तोंडात टाकले, चावले, परत मूठभर टाकले. "साहेब, अजून नक्की सांगता येत नाय." अर्धा शेर संपल्यावर म्हणाला, "मनुके हायत!"

*

शहापूरकडे एका म्हाताऱ्याच्या घराची झडती. "दारू आहे का रे घरात?"

"होती, साहेब. पन तुमचे जमादार सकाळीच तपासून गेले!"

*

वैशाखरे गावच्या बारकीबाईकडे मात्र खरीच टोपलीभर फुलं सापडली. बाई विधवा, पदरात दोन पोरं. आईच तुरुंगात गेली तर त्यांना भाकरी कोण घालणार? माझा जीव तुटत होता, आणि पंचनामा माझ्याच हातानं लिहीत होतो.

टोपली मुरबाडला न्यायची कशी? साहेब गावात आला की गाडी वेठीला धरायची, ही तेव्हाची पद्धत. म्हणून साहेबाची चाहूल लागताच सगळ्यांनी आपापल्या गाड्या रानात दडवलेल्या. उरली बारकीबाईचीच! इन्स्पेक्टरांनी तीच जुंपायला लावली.

"बैल उपाशी हायत, साहेब. वैरण घालू द्या," बाई म्हणाली.

"वैरण मुरबाडला! चल, हाक गाडी!"

वाटेत आंब्याखाली गाडी सोडली. आम्ही सगळे सावलीत डबे उघडून बसलो. जेवून उठतो तर काय, बैलांनी टोपली चाटूनपुसून साफ केलेली!

मामलेदारांपुढे केस उभी राहिली. "मुद्देमाल कुठाय?"

इन्स्पेक्टरांनी रिकामी टोपली पुढे केली. बारकीबाईच बोलली, "बैलांनी खाल्ला, सरकार. उपाशी जुंपलं त्यांना. आमी सांगत होतो!"

सगळी कचेरी खो खो हसली. मी तर तोंडात उपरणं कोंबलं. मामलेदार हसले नाहीत. "जा बाई, घरी जा," म्हणाले. मग शांतपणे चष्मा पुसला आणि इन्स्पेक्टरांकडे वळले.

"बैलांना मोह चारायचा परवाना तुमच्याकडे असेलच?"