लाल बटण दाबणाऱ्याला ओरडायचं नाही

मेथीची जुडी हातात होती आणि काळेवाडीच्या भाजीवाल्या मावशींशी माझी नेहमीची घासाघीस चालली होती, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या विद्यापीठाच्या ग्रुपवर दोन ओळी आल्या होत्या. 'वर्कशॉपचे प्रमुख दत्तात्रय टेमगिरे सर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' मला आधी रागच आला. परवाच तर मी त्यांच्या घरी उसाचा रस घेऊन गेले होते, बर्फ न घालता, गुऱ्हाळवाल्यासमोर उभं राहून काढून घेतलेला. कावीळ झालीय, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. ग्लास संपवून ते म्हणाले, "बाई, लई गोड हाय. उद्या नगा आणू." मी म्हटलं, "आणणारच. तुमची परवानगी कोणी मागितलीय?" ते हसले. तेच आमचं शेवटचं बोलणं.

माणजवळच्या एका खाजगी विद्यापीठात मी इंजिनिअरिंगच्या मुलांना इंग्रजी शिकवते. टेमगिरे सर त्यांना लेथ, ड्रिल, वेल्डिंग शिकवायचे. मूळचे खेडकडचे, चाकणच्या कंपनीत बरीच वर्षं काढून शिकवण्याकडे आलेले. आवाज असा, की वर्कशॉपमध्ये ते बोलायला लागले की वरच्या मजल्यावर माझा तास बंद पडायचा. मी तणतणत खाली जायची, ते चहा पाजून परत पाठवायचे. कौतुक करायला महाकंजूष. पण त्यांच्या वर्कशॉपचा एक नियम होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. लेथवर, लोखंड गरगर फिरवून कापणाऱ्या त्या मशीनवर, मोठं लाल बटण असतं ना, दाबलं की मशीन जागच्या जागी थांबतं, ते दाबणाऱ्याला ओरडायचं नाही. कारण विचारायचं, पण ओरडायचं नाही. वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला काम काहीच नसायचं. प्रत्येक मुलानं यायचं, मशीन चालू करायचं आणि लाल बटण दाबायचं, बस्स. "डोक्याला म्हाईत असून उपयोग न्हाई, हाताला सवय पायजे," असं ते म्हणायचे. एकदा बाहेरचे पाहुणे वर्कशॉप बघत असताना एका मुलीनं उगाचच घाबरून बटण दाबलं. मशीनवर घडत असलेला जॉब, तो लोखंडाचा तुकडा, सगळा वाया गेला, पाहुणे हसले, मुलगी रडवेली झाली. सर म्हणाले, "ब्येस केलंस. आज वरडलो तर पुढच्या टायमाला हात कचरंल, अन् तवाच नेमकं बोट जाईल."

मग होस्टेलमध्ये बाटल्या सापडल्या. एक मुलगा जिन्यावरून पडून मरता मरता वाचला. दारू आणि नशेबद्दल विद्यापीठाचं धोरण ठरवायला समिती नेमली, त्यात आम्ही दोघंही होतो. रजिस्ट्रार साहेबांचं म्हणणं सरळ होतं, विद्यार्थी असो की शिक्षक, पहिल्या खेपेलाच घरी पाठवा. माना डोलायला लागल्या होत्या. तेव्हा टेमगिरे सर उभे राहिले. "साहेब, मी प्यायचो," म्हणाले. "कंपनीत असताना. आमच्या अख्ख्या लाइनला म्हाईत व्हतं, पण सांगितलं तर नोकरी जाणार, म्हणून मी लपवायचो अन् बाकीचे झाकायचे. बायकोनं वढून दवाखान्यात न्हेलं म्हणून आज हितं उभा हाय. जो सवताहून यिल त्याला वरडू नका. लाल बटण हाय ते."

हे धोरणात कलम म्हणून यावं, यासाठी त्यांनी सगळ्यांशी वैर घेतलं. मसुदा माझ्याकडे होता. मी लिहिलं होतं, 'जो स्वतःहून कबूल करेल'. त्यावरून माझ्याशीही भांडले. "कबूल काय म्हणता बाई? चोर हाय का तो?" मी खोडून 'जो स्वतःहून येऊन सांगेल' असं केलं. त्याच्यावर कारवाई नाही, उपचारासाठी रजा मिळेल, नाव बाहेर फुटणार नाही. सगळे चेष्टेनं त्याला 'टेमगिरे कलम' म्हणायला लागले. पण माणसं आली. होस्टेलची मुलं आली, ऑफिसमधले एक भाऊसाहेबही आले, आज ते छान आहेत. जो येईल त्याला सर आपल्या केबिनमध्ये बसवून आधी चहा पाजायचे. आत काय बोलणं व्हायचं ते मला कधीच कळलं नाही, आणि वर्कशॉप दणाणून सोडणारा तो आवाज दाराबाहेर कधी आला नाही.

दहावा झाल्यावर कुंदावहिनींनी, त्यांच्या पत्नीनं, मला बाजूला घेतलं. "बाई, ती कावीळ नुसती कावीळ नव्हती," म्हणाल्या. दोन वर्षांपासून ते पुन्हा पीत होते. का सुरू झालं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आधी लग्नकार्याला, मग रविवारी, मग घरात. आमच्यातल्या कुणाला पत्ता लागला नाही, लपवण्याची जुनी सवय होतीच. वहिनी रोज म्हणायच्या, अहो, तुमचंच कलम आहे, जा की. तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी गेलो तर म्हणतील, ज्यानं कलम आणलं तोच पितो. कलम काढून टाकतील. मग ती पोरं कुठं जातील?" ...हे ऐकल्यापासून मला धड झोप नाही. या माणसाला दोन कानाखाली द्याव्यात असं वाटतं, आणि द्यायला तो नाही. इतका हुशार माणूस असा कसा चुकला? कलम आपल्या न पिण्यावर उभं आहे, असं त्याला का वाटलं?

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यावर लिहिणारच. 'अल्पशा आजाराने' तेवढं लिहू नका." म्हणून हे सगळं लिहिते आहे. त्यांच्या परवानगीनं समितीच्या बैठकीतही मी सगळं सांगितलं. आता कोण काय म्हणतं याची वाट बघत राहिले. रजिस्ट्रार साहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "यायला पाहिजे होतं हो त्यांनी." एवढंच. कलम काढायचं नाव कुणी काढलं नाही. कुणाच्या मनातही नव्हतं. ज्या कलमाला काहीच धोका नव्हता, ते वाचवायला आमचे टेमगिरे सर गेले.

गेल्या आठवड्यात वहिनी त्यांचं सामान न्यायला वर्कशॉपमध्ये आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुंटीवरचा निळा अ‍ॅप्रन त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "ते बटण कुठलं? घरी सारखं त्याचंच कौतुक असायचं." मी लेथजवळ नेलं. तिथल्या सरांनी मशीन चालू करून दिलं. वहिनी त्या गरगरणाऱ्या लोखंडाकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग हळूच तळहात टेकवला. मशीन थांबलं. त्यांनी हात तसाच बटणावर ठेवला होता.

"एवढं हलकं असतं होय?" त्या म्हणाल्या.