माझ्या दारावरचा बोर्ड

मंडळी, अजून माझा संताप उतरलेला नाही.

फ्रीगंजमध्ये मी ॲक्युपंक्चर करते. आज नानाखेड्याहून एक मुलगा आईला घेऊन आला. काकूंचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उचलवत नव्हता. आणि नंबर लागेल म्हणून दोघं अर्धा तास बाहेर बाकावर बसून!

मी ओरडलेच, "अरे, हा लकवा आहे! सरळ हॉस्पिटल गाठायचं, इथे कशाला आणलंस?"

ऑटोत बसताना तो रडवेला होऊन म्हणाला, "ताई, तुमच्याच बोर्डवर लिहिलंय ना, सुयांनी मेंदूचा रक्तप्रवाह सुधारतो?"

सुधारतही असेल, अजून कुणी छातीठोक सांगत नाही. मी मात्र ठोकून लिहिलं होतं.

बोर्ड उतरवलाय. पण काकूंचा तो अर्धा तास मी कुठून परत आणू?