रिकामी हाये

चिचटोल्याच्या जंगू सिडामला कुणी विचारलं, ‘भाऊ, बंदूक भरेल हाये का?’ तर तो तोंडानं उत्तर देत नसे. तो बंदूक मोडायचा, म्हणजे नळी खाली वाकवून तिचं मागचं तोंड उघडायचा, आणि विचारणाऱ्याचंच बोट धरून आत घालायचा. पाटील असो की फॉरेस्टचा साहेब, बोट काळं झाल्याशिवाय सुटका नाही. एकदा निवडणुकीच्या आधी ठाण्यात बंदूक जमा करताना त्यानं नव्या ठाणेदारालाही सोडलं नाही. ठाणेदार भडकला. “अरे, रिकामी आहे म्हणून सरळ सांगता येत नाही का तुला?” जंगूनं मान हलवली. नव्हतंच येत.

हा शब्द त्याच्या तोंडून शेवटचा निघाला त्याला पंचवीस वर्षं झाली होती. धान कापणीला आला होता. उजाडता उजाडता डुकरांचा कळप धानाच्या बांधीत शिरला, तेव्हा जंगू आणि त्याचा धाकटा भाऊ अंकुश शेतातल्या माळ्यावर राखणीला होते. जंगूनं बार टाकला. छर्रा एका सुळेवाल्या डुकराच्या फऱ्यात बसला, पण ते पडलं नाही. उलट फिरून माळ्याखाली आलं आणि सुळ्यांनी खांब उकलू लागलं. माळा गदागदा हलला. जंगूनं दुसरं काडतूस भरलं, तेवढ्यात काय झालं कोण जाणे, डुक्कर रक्त गाळत नाल्याकडे पळालं. दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून हसले आणि हसतहसतच घरी आले. काडतूस नळीतच राहिलं. मरणाच्या दाढेतून सुटलेला माणूस असाच गाफील असतो.

अंकुश अंगणातल्या बाजेवर टेकला. “आन भाऊ, पुसून ठेवतो. भरेल हाये का?”

“रिकामी हाये. धर.”

जंगूनं बंदूक बाजेवर टाकली. अंकुशनं ती नळीला धरून आपल्याकडे ओढली आणि बाजेच्या सुटलेल्या दोरीत घोडा अडकून सुटला. हातभर अंतरावरून सगळा छर्रा पोटात गेला. अंकुश पडला नाही. बाहेर आलेली आतडी दोन्ही हातांनी आत दाबत तो बसून राहिला, आणि बोटांच्या फटींतून रक्त बाजेखाली सांडत राहिलं. कुत्रं तिथं तोंड घालायला आलं. जंगूनं त्याला अशी लाथ हाणली की ते केकाटत भिंतीवर आपटलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणसावर, धानाच्या पेंढ्यावर घालून अंकुशला गोंडपिपरीला न्यायला निघाले. प्रत्येक खड्ड्याला तो ओरडायचा. पुढं ओरडणं थांबलं. मग त्यानं डोळे उघडले आणि भावाकडे पाहून म्हणाला, “रिकामी म्हनला ना तू?” रागानं नाही. न समजलेली गोष्ट विचारावी तसं. दवाखाना तीन किलोमीटरवर राहिला असताना तो गेला.

खटला चालला. अंकुशची बायको बायनाबाई तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. पुढं साक्षीला उभी राहिली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, “मी चुलीपाशी होती. बोलनं काई ऐकलं नाई. बार तेवढा ऐकला.” जंगू सुटला. सुटला म्हणायचं आपलं.

बायनाबाईच्या मनात काय आहे हे त्याला कधीच कळलं नाही, कारण जंगू तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्यासमोर भावजयीनं तोंड उघडायचं नाही, त्याच्या सावलीवर पाय द्यायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. जंगूची बायको तापानं आधीच गेली होती. अंगण एक, चूल एक, आणि बोलणं बंद. निशा जन्मली आणि बोलू लागली, तेव्हा तिच्यातून निरोप सुरू झाले. “मोठेबाबा, माय म्हणते जेवाले चाला.” “मोठेबाबा, माय म्हणते बैल सुटला.” तेव्हापासून त्या घराचा संसार या पोरीच्या तोंडानं चालला. त्या निरोपांत अंकुशचं नाव एकदाही आलं नाही, आणि त्या न आलेल्या नावानं जंगूला जेवढं मारलं तेवढं कोर्टानं मारलं नसतं.

बंदूक कित्येक वर्षं ठाण्यात पडून होती. डुकरांनी तीन बायांना फाडल्यावर गावानंच अर्ज-विनंत्या करून ती सोडवून आणली आणि परवाना जंगूच्या नावावर करून घेतला. त्याला नको होती. पण हातात आल्यावर त्यानं पहिलं डुक्कर पाडलं, ते मेल्यावरही कुऱ्हाडीनं त्याचं डोकं ठेचत राहिला. ठेचता ठेचता रडत होता आणि त्याला नाल्याकडे पळालेल्या त्या डुकराच्या नावानं शिव्या घालत होता. चौघांनी धरून बाजूला केला, तेव्हा त्याच्या दाढीत मेंदूचे तुकडे होते.

निशा अठरा वर्षांची झाली आणि म्हणाली, मले शिकवा. जंगूनं दोन वर्षं नुसतं बोट घालायला शिकवलं. घरातून निघताना, माळ्यावर चढताना, उतरताना. मग नेम शिकवला, आणि पोरगी अशी निघाली की धावत्या डुकराच्या कानामागं छर्रा बसवायची. ती एकवीसची झाल्यावर त्यानं परवान्यावर तिचंही नाव चढवलं. घरातलं दुसरं माणूस बंदूक बाळगू शकेल, अशी सोय असते.

गेल्या पावसाळ्यात जंगूच्या उजव्या डोळ्यानं दगा दिला. मोतीबिंदू. डुक्कर दहा पावलांवर आणि नेम चुकला. ते शेजारच्या सुकलूवर गेलं आणि जांघेतली शीर उकलून मोकळं झालं. सुकलूची बुधरी धावत येईपर्यंत बांधीतलं पाणी लाल झालं होतं आणि तिचा नवरा त्यात पालथा पडला होता. जंगूनं त्याच दिवशी ठरवलं, बंदूक आता निशाची. पण तिच्या एकटीच्या नावानं परवाना हवा तर कामाचा दाखला पाहिजे होता. उत्तरेकडच्या एका राज्यात रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शेतं उजाड केली होती आणि तिथलं सरकार नेमबाज गोळा करत होतं. पंधरा दिवसांच्या त्या मोहिमेत नाव लागलं की दाखला मिळणार होता. विमानाची दोन तिकिटं आली, एक निशाचं आणि परवाना त्याच्या नावावर म्हणून एक जंगूचं. बंदूक कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, दोन्ही विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात, असा नियमही कागदावर लिहून आला.

विमानतळावर खिडकीतल्या बाईनं परवाना पाहिला आणि एक कागद पुढं सरकवला. “काका, इथं सही. शस्त्र रिकामं आहे, असं तुम्ही सांगताय.”

जंगूनं पेटीच्या कुलपाला हात घातला. “मी मोडून दाखवतो,” तो म्हणाला.

“अहो, मोडू नका!” बाई घाबरली. निशाला हसू आलं. तिनं समजावून सांगितलं, तेव्हा बाईनं तपासणीच्या खोलीत पाठवलं. तिथं विमान कंपनीचा एक तरणाबांड माणूस बसला होता, केसांना तेल चोपडलेला, हातात कडं. जंगूनं पेटी उघडली, बंदूक मोडली आणि सवयीनं त्याचं बोट धरायला गेला. त्यानं हात झटकला.

“मला नका शिकवू. रिकामी आहे की नाही, एवढं बोला आणि सही करा.”

जंगूनं पुन्हा त्याच्या बोटाकडे हात नेला.

“मुके आहात का? बरं, मीच बघतो.” त्यानं बंदूक उचलली, खटकन मिटवली, घोडा ओढला, एक डोळा बारीक केला आणि नळी समोर उभ्या निशाच्या पोटावर रोखली. “रिकामीच तर दिसते, काका!” आणि चाप दाबला.

टक.

तो आवाज कानावर पडला आणि जंगूचं डोकंच फिरलं. लोखंडी पेटी त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि त्या माणसाच्या तोंडावर हाणली. दात तुटून टेबलावर उडाले. माणूस खुर्चीसकट मागं कोसळला. जंगूनं पुन्हा हाणली. नाकाचं हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. तिसऱ्यांदा पेटी वर गेली, तेव्हा पाच-सहा जण त्याच्यावर तुटून पडले. त्याला फरशीवर दाबून धरला, एकाचा गुडघा मानेवर, आणि तो खालून ओरडत होता, “पोट पाहा तिचं! पोरीचं पोट पाहा कोनी!”

निशा जागच्या जागी उभी होती. पोटावर हात ठेवून.

पोलिसांचा इन्स्पेक्टर आला. जखमीला दवाखान्यात पाठवल्यावर त्यानं खोलीतलं चित्रीकरण दोनदा पाहिलं. मग कंपनीच्या साहेबाकडे असा रोखून पाहत राहिला, की साहेबानं मान खाली घातली. “म्हातारा विमानात बसणार नाही,” तो म्हणाला. “जबाब लिहून घेतो, बोलावलं की यायचं. मुलगी जाऊ शकते, परवान्यावर तिचंही नाव आहे. चाळीस मिनिटं आहेत.” आणि जंगूकडे वळून जरा हळू आवाजात विचारलं, “का मारलं एवढं?”

जंगूचा ओठ फाटला होता. त्यानं निशाकडे पाहिलं नाही. “हिच्या बापाले मी सांगतलं होतं,” तो म्हणाला, “तेच. हा बोलला तेच.”

एवढं बोलायला त्याला पंचवीस वर्षं लागली होती. आता पोरगी तोंड फिरवून निघून जाईल, अशी त्याची खात्री होती.

निशा त्याच्यासमोर उकिडवी बसली. “मोठेबाबा, मायचा निरोप हाये.”

सवयच ती. हातांत बेड्या असूनही जंगू सावरून बसला. “काय म्हनते?”

“चुलीपाशी तिले दोनी ऐकू आलं होतं. तुमचं बोलनं बी आन बार बी. मी अकरावीत होती तवाच सांगतलं मले. म्हणे, त्यायच्यावर येळ येईन तवाच सांगजो.”

जंगू लहान पोरासारखा हमसून रडला. इन्स्पेक्टर उगाच खिडकीबाहेर बघत राहिला. निशानं बंदूक मोडली, बोट घातलं, पुन्हा घातलं, पुन्हा घातलं. मग कागदावर सही करून पेटीला कुलूप लावलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जंगू चिचटोल्यात उतरला. ओठाला टाके पडले होते आणि खांद्यावर बंदूक नव्हती. अंगणात आला आणि थबकला. जेवायला बोलवायला निशा नव्हती. बायनाबाई चुलीसमोर पाठमोरी बसली होती. पदर पुढं ओढून घेतला तिनं, पण उठून गेली नाही. भात ढवळत राहिली. मग चुलीकडे तोंड ठेवूनच बोलली. इतक्या वर्षांत तिचा आवाज थेट जंगूसाठी निघाला तो आत्ताच.

“पोरगी गेली?”

“गेली.”

“बंदूक?”

“तिच्याजोळ हाये.”

पळी भांड्यात थांबली. “भरेल तं नोहती?”

जंगूनं अंग आक्रसून घेतलं.

“रिकामी होती,” तो म्हणाला.

चुलीतलं लाकूड फटकन तडकलं आणि तो जागीच दचकला. बाकी काही झालं नाही. बायनाबाईनं थाळी पुसली आणि भात वाढला. थाळी दारात ठेवून ती म्हणाली, “जेवा.”