सुशीच्या काउंटरवर बसलेल्या आई

माझी सासू पोटभर जेवून मेली.

असं बोलायचं नसतं, माहीत आहे. पण मी अकोल्याची. मला गुळमुळीत लिहिता येत नाही.

रात्री भरीत-भाकर खाल्ली, "बस्स झालं पोरी" म्हणाल्या, झोपल्या आणि सकाळी उठल्याच नाहीत. आज वर्ष झालं.

हे "पोटभर" किती अवघड होतं, तेच सांगायचं आहे.

बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर आम्ही आईंना अंजनगाव सुर्जीहून अमरावतीला आमच्याकडे आणलं. इथे आल्यावर त्यांनी जेवणच सोडलं. रुसवा नाही, तक्रार नाही. चहा आणि दोन टोस्ट, की झालं.

"आई, जेवा ना."

"तुमी जेवून घ्या. मी बसतो मांगून."

ते "मांगून" काही यायचं नाही.

जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. शेतावरची माणसं, पाहुणे, दीर, लेकरं, सगळ्यांचं आटोपलं की भांड्याच्या बुडाशी जे असेल ते खायचं. आता बाबाच नाहीत, तर कोणाच्या मागून जेवायचं, असं काहीसं झालं असावं.

डॉक्टरांनी वजन बघून मलाच झापलं. मी डॉक्टरांशी भांडले, रिक्षात आईंशी भांडले, आणि गल्लीच्या तोंडाशी उतरलो तर आईंना चक्कर.

समोर नितीनचं सुशीचं हॉटेल.

हो, सुशी. अमरावतीत. आमच्या कॉलनीत.

नितीन बडनेऱ्याचा, रेल्वेवाल्याचा मुलगा. बाहेर मोठ्या हॉटेलांत काम केलं, मग आई-वडिलांसाठी परत आला आणि हे काढून बसला. अख्खी कॉलनी हसली होती.

त्यानं धावत येऊन आईंना आत नेलं, काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. हॉटेलात दुसरं कोणीच नव्हतं. आईंना जरा बरं वाटलं तसं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

"काय बनवून राहिला रे बापा?"

"सुशी, काकू. भाताचीच असते. तुमच्यासाठी काकडीची करतो, मासोळी नाही टाकत."

"भात हाये तं त्याले गुंडाळून कावून राहिला?"

तो हसला. एक तुकडा कापून त्यांच्या प्लेटमध्ये ठेवला.

आई हात मांडीवर घेऊन बसल्या.

त्यानं दुसरा ठेवला. तिसरा ठेवला. मग तो थांबला.

तो यांच्याकडे बघतोय, या त्याच्याकडे बघतायत. हलत कोणीच नाही.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "काकूले आवडलं नाही वाटते."

"आई, खा ना!"

"पान तं पुरं वाढू दे आंधी. आन तुह्यापुढं तं काहीच नाही. त्या पोराचंही जेवण व्हायचं अशीन."

पंगत! बाई पंगत बसायची वाट बघत होत्या.

नितीन वऱ्हाडातलाच. त्याला बरोबर कळलं.

"काकू, इथं तसं नसते. मी एक बनवतो, तुमी खायचा. तुमी खाल्ल्याबिगर मी पुढचा बनवतच नाही."

"सगळ्याईच्या आंधी? मी?"

"हो. तुमी."

आईंनी एकदा दाराकडे बघितलं. मग तुकडा उचलून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ कमी हाये," म्हणाल्या. आणि प्लेट पुढे सरकवली. "दे."

मी टिश्यू पेपर तोंडाला लावून रडले. सुशी खाताना रडणारी अमरावतीतली पहिली बाई मीच असेन.

मग दर शनिवारी आम्ही तिथे. पुढे पुढे तर आई घरून ठेच्याची डबी न्यायच्या आणि नितीनला रोलमध्ये तो भरायला लावायच्या. तो बिचारा डोळे पुसत चव बघायचा.

एकदा घरी परतताना म्हणाल्या, "पोरी, पह्यला घास कसा लागते, मले मालूमच नोतं."

घरीही जेवायला लागल्या. मी गरम भाकर टाकायची, त्या खायच्या.

मग महालक्ष्म्या आल्या. अंजनगावला जायचं होतं.

मला धास्ती. त्या घरात पहिली पंगत पुरुषांची आणि सवाष्णींची. विधवा बाया शेवटी, दिवस कलल्यावर. तिथे आईंचं "मांगून" परत सुरू झालं, की आमचे सगळे शनिवार पाण्यात.

पानं मांडली. आंबील, कढी, पुरणपोळ्या, सोळा भाज्या. लोक बसायला लागले.

आणि आई सरळ एका पाटावर जाऊन बसल्या.

सगळे वळून बघायला लागले.

आईंची थोरली जाऊ, आमच्या मोठ्या आई, हातात पोळ्यांची परात घेऊन उभ्या होत्या. त्याही विधवा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना शेवटच्याच पंगतीत बघितलेलं.

"कुसुम, हे काय व? ऊठ. आपलं मांगून असते."

"मले आता भूक लागली, बाई."

एवढंच. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाढ."

मी वाढलं. घाईघाईत कढी पाटावर सांडली. कोणी मला अडवलं असतं तर त्या दिवशी खरंच महाभारत झालं असतं.

कोणी अडवलं नाही. आई शांतपणे जेवत होत्या.

मोठ्या आई तशाच उभ्या. त्यांच्याकडे बघायची हिंमत मला होत नव्हती.

मग परात खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सरक जराशी," मोठ्या आई म्हणाल्या, आणि आईंच्या शेजारी बसल्या. "मले बी वाढ व पोरी."

आई, यंदाच्या महालक्ष्म्यांना मोठ्या आई न विचारता पहिल्या पंगतीत बसल्या. त्यांच्या बाजूची जागा रिकामी होती. तुमची फार आठवण येते.

भरल्या मनानं नमस्कार.